चारपैकी दोन मशीनवर रोबोट येतोय, मी आता काय शिकू?

वाचकाचं पत्र: माझं वय ४६. बावीस वर्षं सीएनसी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापणारं, संगणकावर चालणारं मशीन) चालवतोय. आमच्याकडे चार मशीन, चार ऑपरेटर आणि दोन हेल्पर आहेत. चार महिन्यांत दोन मशीनवर लोडिंग-अनलोडिंगला रोबोट बसणार आहे. मालक म्हणतात, कुणालाही काढणार नाही. पण ट्रेनिंगला नाव गेलंय प्रोग्रॅमिंगच्या पोराचं, ज्याने आजवर एकदाही चक (तुकडा पकडून फिरवणारा भाग) साफ केलेला नाही. मला सांगितलंय, "मशीनचे बारकावे लिहून द्या." लिहून दिले तर मग मी कशाला लागेन? घरी मुलगा म्हणतो पायथन शिका. नक्की काय करू? — एक ऑपरेटर

नमस्कार,

"कुणालाही काढणार नाही" हे मालक मनापासून म्हणत असतील. तरी हिशेब आपण स्वतः करावा. लोडिंग रोबोटकडे गेलं की एक माणूस दोन मशीन सांभाळतो, बसवणूक नीट झाली तर तीनही. म्हणजे चार ऑपरेटरांच्या जागी पुढे दोन-तीन पुरतील. काढणार नाहीत याचा अर्थ बहुधा एवढाच, की कुणी सोडून गेलं तर त्या जागी नवा माणूस येणार नाही. पहिला फटका हेल्परना बसतो, कारण ट्रे भरण्यापलीकडे त्यांच्याकडे काही उरत नाही. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. आणि यात नवीनही काही नाही. १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबोट लागला, तो डाय-कास्टिंगचे तापलेले भाग उचलून ठेवायलाच. उचल-ठेव हे रोबोटचं सर्वांत जुनं काम आहे.

तुमची बाजू भक्कम आहे ती वेगळ्या ठिकाणी. जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, बदलायच्या पंधरा-वीस सेकंदांत तुम्ही नुसता जॉब बदलत नाही. हवा मारता, जॉच्या (चकच्या जबड्याच्या) तोंडावरून बोट फिरवता, जॉब थोडा फिरवून स्टॉपरला टेकवता, ब्लँकवर (कच्च्या तुकड्यावर) सॉची बर (करवतीने राहिलेली खरखरीत कड) आहे का ते हाताला कळतं, जाता जाता इन्सर्टच्या (कापणाऱ्या पात्याच्या) टोकावर नजर टाकता. रोबोटला यातलं फक्त उचलणं आणि ठेवणं येतं. बाकीचं कुणीतरी आधी ओळखून, त्यासाठी सेन्सर, नोझल किंवा प्रोग्रॅमची ओळ घालावी लागते. तो "कुणीतरी" तुम्ही व्हायचं, आणि तेही ऑर्डर पक्की व्हायच्या आत. कारण ग्रिपर (रोबोटचा पंजा) आणि ट्रे कागदावर असतात तोवर बदल एका फोनवर होतो. मशीनपाशी उभे राहिल्यावर तोच बदल महिना खातो.

उद्यापासून १४ दिवस एक वही मशीनजवळ ठेवा. उचलणं, ठेवणं आणि बटण दाबणं सोडून हाताने, डोळ्याने किंवा कानाने जे काही केलं, त्याची एक ओळ लिहा: वेळ, कितवा जॉब, काय दिसलं, काय केलं, किती वेळ गेला. "१०:४०, ३७ वा, जॉमध्ये चिप, हुकने काढली, २० सेकंद." एवढंच पुरे. (चिप म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस.) दुसऱ्या शिफ्टच्या माणसालाही लिहायला सांगा. तो कुरकुरेल, पण दोन वेगळ्या माणसांच्या नोंदी लागतातच. तुमच्या हाताला जे इतकं सवयीचं झालंय की तुम्ही लिहायचंच विसराल, ते त्याच्या वहीत सापडतं.

वहीत सर्वांत जास्त ओळी चिप्सच्या असतील. रोबोटचे सेल (रोबोट, मशीन आणि ट्रे मिळून होणारा संच) बंद पडण्यात हेच कारण पुन्हा पुन्हा निघतं. माइल्ड स्टील किंवा स्टेनलेसच्या लांब, दोऱ्यासारख्या चिप्स जॉबभोवती घरटं करतात. तुम्ही हुकने ओढून काढता. रोबोटचा ग्रिपर मात्र घरट्यासकट जॉब पकडतो. पकड तिरकी बसते, जॉब निसटतो किंवा ट्रेमध्ये वाकडा पडतो आणि पुढचा त्याच्यावर आदळतो. यावर हवा मारणं हा शेवटचा उपाय. आधी चिप तुटली पाहिजे. फिनिशला ०.१ मि.मी. खोली आणि ०.१ फीड (एका फेऱ्यात पातं किती मि.मी. सरकतं ते) असेल तर चिप ब्रेकरला (इन्सर्टवरच्या चिप तोडणाऱ्या खाचेला) पकडायला काही मिळतच नाही. खोली इन्सर्टच्या नाकाच्या त्रिज्येपेक्षा फार कमी ठेवू नका, म्हणजे ०.४ चं नाक असेल तर फिनिशला ०.३ ते ०.४ मि.मी. शिल्लक ठेवून पाहा, आणि फीड ०.१२ वरून ०.१८ पर्यंत पायरीपायरीने वाढवा. याची किंमत आहे: खडबडीतपणा फीडच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे फीड दीडपट केला की तो सव्वादोन पट होतो. ड्रॉइंगवरची फिनिश त्यात बसत नसेल तर वायपर इन्सर्ट (पृष्ठभाग जास्त गुळगुळीत करणारा) किंवा वेगळ्या भूमितीचा फिनिशिंग इन्सर्ट मागा. ड्रिल असेल तर पेक सायकल, म्हणजे थोडं थोडं छिद्र पाडत ड्रिल मागे घेणं. हे बदल आजच, हाताने लोडिंग चालू असतानाच करून पाहा. रोबोट आल्यावर चिप, ग्रिपर आणि प्रोग्रॅम असे तिन्ही गोंधळ एकदम अंगावर येतात आणि दोष कुणाचा हे कळेनासं होतं.

चिप तुटायला लागली तरी बारीक तुकडे जॉ आणि स्टॉपरवर बसणारच. त्यासाठी मागायच्या गोष्टी तीन. सायकल (एका जॉबचं काम) संपताना चक हळू फिरवत कूलंटची (थंड ठेवणाऱ्या द्रवाची) धुलाई. मग जॉब काढल्यावर, नवा घालण्याआधी हवेचा झोत, आणि तो टरेटवरून (हत्यारं बसवलेल्या फिरत्या भागावरून) किंवा ग्रिपरवरून थेट जॉच्या तोंडावर यायला हवा. लांबून चकच्या दिशेने मारलेली हवा चिप्स उडवून पुन्हा तिथेच आणून टाकते. तिसरी, एअर सीट चेक: स्टॉपरच्या तोंडावर बारीक भोक, त्यातून हवा. जॉब पूर्ण टेकला तर भोक बंद होतं आणि दाब चढतो, खाली चिप असेल तर दाब चढत नाही आणि मशीन सायकल सुरूच करत नाही. बोट फिरवून तुम्ही जे करता त्याच्या सर्वांत जवळचं हेच. खर्च वाचवायला हाच भाग सर्वांत आधी यादीतून उडवला जातो. म्हणून वहीतला आकडा दाखवा: "१४ दिवसांत इतक्या वेळा जॉखाली चिप सापडली."

जॉब टेकवण्याबद्दलही सांगून ठेवा. रोबोट जॉब चकमध्ये नेऊन जागेवर थांबतो, तो दाबत नाही. ग्रिपरच्या तोंडाशी स्प्रिंगची दाबपट्टी असली तर चक आवळताना जॉब स्टॉपरला टेकलेला राहतो. ती नसेल तर लांबी दर थोड्या जॉबमागे काही शतांश मि.मी.ने सरकते आणि सगळे ऑफसेट (मशीनमध्ये भरलेल्या मापाच्या दुरुस्त्या) खेळत बसतात.

ब्लँकची कथा थोडक्यात: सॉ-कटची लांबी एक मि.मी. इकडेतिकडे असेल, टोकाला बर असेल, तर तुमच्या हाताला फरक पडत नाही, ट्रेच्या खाचेला पडतो. दहा वेगवेगळ्या लॉटमधले पाच-पाच ब्लँक मोजून लहानात लहान आणि मोठ्यात मोठं माप ग्रिपर बनवणाऱ्याला द्या. त्याला ड्रॉइंगवरचं माप दिलेलं असतं. ब्लँकचं खरं माप बहुधा कुणीच दिलेलं नसतं.

आता साइझ. बाहेरून टर्निंग करताना इन्सर्ट झिजतो तसा व्यास वाढत जातो, हे तुम्ही अंदाजाने सांभाळता: पंधरा-वीस जॉब झाले की मायक्रोमीटर लावता, दोन-तीन मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग) दुरुस्ती मारता. सेलमध्ये हा अंदाज आकड्यात लागतो. एकाच प्रकारच्या इन्सर्टच्या दहा कडा घ्या, प्रत्येक कडेवर दर दहाव्या जॉबचा व्यास लिहा. वाढ कशी होते, कुठे अचानक चढते, ते दिसेल. सर्वांत लवकर गेलेल्या कडेचा आकडा धरा आणि त्याच्या ८० टक्क्यांवर टूल-लाइफ काउंटर लावा. सरासरीवर लावलात तर निम्म्या कडा काउंटर संपायच्या आतच गेलेल्या असतील, आणि रात्री तिथे बघायला कुणी नसेल. तापमानही विसरू नका. पोलाद मीटरमागे दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ५० मि.मी. व्यासाचा जॉब १० अंश गरम असताना मोजला तर ६ मायक्रॉन मोठा दिसतो. तुम्ही गरम जॉब बाजूला ठेवून मग मोजता. शेजारी लावलेलं स्वयंचलित गेज तो लगेच मोजेल आणि मशीनला चुकीची दुरुस्ती पाठवेल. सकाळी स्पिंडल गरम व्हायच्या आधीच्या जॉबचंही तसंच. गेज मशीनला स्वतःहून ऑफसेट देणार असेल तर एका वेळच्या दुरुस्तीला मर्यादा घालायला लावा, उदाहरणार्थ १० मायक्रॉन. त्यापेक्षा जास्त मागितलं तर मशीन थांबलं पाहिजे, कारण तेव्हा बहुतेक गेजवर चिप असते.

दोन बेरजा ऑर्डरआधी स्वतः करा. पहिली वजनाची: "१० किलोचा रोबोट" म्हणजे १० किलोचा जॉब उचलणारा रोबोट, असा समज असतो. त्या १० किलोत ग्रिपरही धरलेला असतो. दुहेरी ग्रिपर ३ किलोचा, एका तोंडात २.५ किलोचा ब्लँक, दुसऱ्यात तयार जॉब २ किलोचा, झाले साडेसात. वर ग्रिपर लांब असेल तर मनगटापासूनच्या अंतरामुळे क्षमता आणखी घटते. पुढच्या वर्षी येणारा जड जॉब त्यात बसतो का, हे आत्ताच विचारायचं. दुसरी बेरीज ट्रेची: ६० जॉबचा ट्रे आणि ४ मिनिटांची सायकल असेल तर रोबोट ४ तास एकटा चालेल. सायकल ४० सेकंदांची असेल तर ट्रे ४० मिनिटांत रिकामा, आणि तुम्ही दिवसभर ट्रे भरणारे हेल्पर व्हाल. कोणते जॉब रोबोटच्या मशीनवर जाणार याची यादी मागून प्रत्येकासमोर हा आकडा लिहा. लांब सायकलचे, मोठ्या संख्येचे जॉब तिकडे द्या. पाच-दहा नगांचं सुटं काम हाताच्या मशीनवर ठेवा. रोबोट जॉब बदलण्यात तुमच्यापेक्षा फार वेगवान नसतो, फायदा जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट संपल्यावर चालण्याचा असतो.

आता तुमचा खरा प्रश्न, बारकावे लिहून द्यावेत की नाही. द्यावेत. लपवलेलं ज्ञान तुम्हाला तीन-चार महिने वाचवेल. तोवर सेल थांबत राहील, बाहेरचा माणूस येऊन चुकतमाकत तेच शोधेल आणि तुम्ही "मदत न करणारे" म्हणून लक्षात राहाल. मात्र पाठकोऱ्या कागदावर खरडून कुणाच्या हातात देऊ नका. वहीवरून दोन पानांचा तक्ता करा: अडचण, किती वेळा, कारण, उपाय, सेलमध्ये काय हवं. खाली तारीख आणि नाव. तो बैठकीत स्वतः मांडा, मालक आणि रोबोट बसवणारा दोघंही समोर असताना. कागदावर "चिप अडकते" एवढंच येतं. कोणत्या धातूला, कितव्या जॉबनंतर, आवाज कसा बदलतो, हे विचारायला ते तुमच्याकडेच येतील.

ट्रेनिंगला त्या पोराचं नाव आहे म्हणून रागावू नका, दोघांचं नाव घालायला सांगा. कारणही सोपं द्या: रात्री सेल थांबला तर प्रोग्रॅमर घरी असतो. खरोखर जी गोष्ट शिकायची ती हीच, थांबलेला सेल पुन्हा चालू करणं. समजा इमर्जन्सी स्टॉप लागला तेव्हा जॉब अर्धा चकमध्ये आणि अर्धा ग्रिपरमध्ये होता. आता जॉब कुणी धरलाय? चक बंद असेल तर आधी ग्रिपर उघडायचा, मग रोबोटचा हात मॅन्युअलमध्ये, कमी वेगाने, स्पिंडलच्या अक्षावर सरळ बाहेर. चक उघडा असेल तर ग्रिपर उघडायचा नाही, जॉबसकट सरळ मागे यायचं. आणि हात हलवण्याआधी पेंडंटवर (रोबोट हाताने चालवायच्या रिमोटवर) कोऑर्डिनेट कोणते निवडलेत ते बघायचं. जॉइंट मोडमध्ये (एकेक सांधा फिरवायच्या पद्धतीत) एक बटण दाबलं की हात गोलाईत फिरतो आणि ग्रिपर दारावर आपटतो. नवशिक्यांचे ग्रिपर मोडतात ते इथेच.

त्याच्यापुढचं शिकण्यासारखं, महत्त्वाच्या क्रमाने: होम पोझिशनला सुरक्षित नेणं, सरकलेला पॉइंट पुन्हा शिकवणं आणि त्याच्या ५० ते १०० मि.मी. आधी जवळ येण्याचा पॉइंट ठेवणं. मशीन आणि रोबोट एकमेकांना काय सिग्नल देतात, म्हणजे दार उघडं, चक उघडा, सायकल संपली, हात बाहेर, सायकल सुरू. सेल विनाकारण उभा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा यातला एक सिग्नल आलेला नसतो. दाराच्या सिलिंडरवरचा सेन्सर चिप्सनी झाकला किंवा सैल झाला, एवढंच कारण निघतं. कोणता दिवा पेटलेला असायला हवा होता हे ज्याला ठाऊक, त्याला दोन मिनिटांत सापडतं. म्हणून या सिग्नलांचा एक पानाचा तक्ता सेलवर चिकटवून घ्या.

पायथन? मुलगा हुशार असणार, पण त्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं आहे. तुमच्या कामात त्याच्याआधी मशीनच्या मॅक्रोचा (मशीनच्याच प्रोग्रॅममधल्या छोट्या सूचनांचा) नंबर लागतो. जी-कोड, म्हणजे मशीनची प्रोग्रॅम-भाषा, तुम्हाला येतोच, त्यात व्हेरिएबल, अट आणि उडी एवढं जोडा. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर १०० च्या मालिकेतली व्हेरिएबल वीज बंद केली की पुसली जातात, ५०० च्या मालिकेतली राहतात. म्हणून जॉबची मोजणी ५०० च्या मालिकेत ठेवायची. काउंटर इतका झाला की अलार्म दाखवून थांब, ही चार ओळींची मॅक्रो लिहिता आली की अर्धी लढाई झाली. मुलाकडून दुसरी मदत घ्या: वहीतले आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकून आलेख काढून घ्या. मोबाईलवरच्या एआयला अलार्मचा अर्थ विचारायलाही हरकत नाही. इंग्रजी मजकूर तो छान समजावतो. पण त्याने सांगितलेला पॅरामीटर नंबर मशीनच्या पुस्तकात पाहिल्याशिवाय आणि बॅकअप घेतल्याशिवाय बदलू नका. दुसऱ्याच मॉडेलचा नंबर तो तितक्याच ठामपणे सांगतो.

सुरक्षेबद्दल एक गैरसमज लगेच काढून टाका. माणसाजवळ चालणारा रोबोट, म्हणजे कोबॉट, धक्का लागला की थांबतो हे खरं. पण त्याच्या तोंडातल्या धारदार कडेच्या जॉबला ते लागू नाही. आयएसओ १०२१८ या मानकातही धोका तपासायचा तो सगळ्या सेलचा, ग्रिपर आणि जॉब धरून. मॅन्युअलमध्ये वेग सेकंदाला २५० मि.मी.च्या आत ठेवायची मर्यादा त्यातच आहे. पेंडंटच्या मागचं बटण मधल्या स्थितीत धरायचं असतं, सोडलं तरी थांबतं आणि घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतं. त्याला रबर बांधणारे महाभाग असतात, त्यांच्याबरोबर शिफ्ट करू नका. आत हात घालण्याआधी हवा बंद करून उरलेला दाबही सोडा. वीज बंद झाली तरी सिलिंडरमध्ये दाब राहतो.

पगाराचं बोलणं रोबोट यायच्या आधी करा. नगावर इन्सेंटिव्ह असेल तर रोबोटने काढलेले नग कुणाच्या नावावर? रात्री फोन आला तर तो कामाचा वेळ धरणार का? पदाचं नाव काय? तोंडी उत्तर मिळालं तर घरी येऊन तेच मुद्दे लिहून पाठवा: "आज असं ठरलं, चुकलं असल्यास कळवा." भांडण न करता कागद तयार होतो. एक मागणी विचित्र वाटेल तीही घाला: पंधरा दिवसांतून एक शिफ्ट रोबोट बंद ठेवून हाताने मशीन चालवायची. १९८३ साली लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं, की यंत्राला न जमणारी अवघड कामं तेवढी माणसाकडे उरतात, आणि रोजचा सराव सुटल्यामुळे नेमकी तीच त्याला जमेनाशी होतात. कान शाबूत ठेवायचा तर मशीनजवळ उभं राहावं लागतं.

चार महिन्यांनंतरही तुम्हाला पेंडंटला हात लावू देत नसतील, बैठकीला बोलावत नसतील, आणि ट्रे भरण्यापलीकडे काम देत नसतील, तर तुमचा तक्ता आणि टूल-लाइफचे आलेख घेऊन दुसरीकडे विचारायला लागा. सेल चालवलेला आणि लेथची जाण असलेला माणूस सहज मिळत नाही.

राहिला ट्रायलचा दिवस. बसवणारे लोक निवडून-निवडून चांगले ब्लँक आणतात, तासभर सेल चालवून दाखवतात आणि सही घेतात. तुम्ही आधीच ठरवून घ्या: पूर्ण शिफ्ट, मध्ये कुणी हात लावायचा नाही, प्रत्येक थांबा कारणासह लिहायचा, आणि शिफ्टच्या मध्यात एकदा मुद्दाम इमर्जन्सी स्टॉप दाबून तुम्ही स्वतः सेल पुन्हा चालू करायचा. ट्रेमध्ये मात्र तो सॉच्या बरीचा, लांबीला कमी-जास्त असलेला लॉट भरा, ज्याला तुम्ही रोज शिव्या देता. तोपर्यंत जवळचा चष्मा करून घ्या, पेंडंटवरची अक्षरं फार बारीक असतात.